हार्ड डिस्क रात्री बंद करावी की अखंड चालू ठेवावी?

वाचकांचे प्रश्न : घरातला संगणक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच शंकेभोवती फिरतात : हार्ड डिस्कला जास्त त्रास कशाचा, वारंवार चालू-बंद करण्याचा की सतत फिरत राहण्याचा? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण त्या पत्रातला ठेवा एकदा गेला तर पुन्हा मिळणारा नाही.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जनकगंजात मी गाण्याचा छोटा वर्ग चालवते. वडिलांनी चाळीस वर्षांत जमवलेल्या कॅसेटी, म्हणजे त्यांचे स्वतःचे गाणे, त्यांच्या गुरुजींनी दिलेल्या तालमी आणि घरगुती बैठका, मी गेल्या तीन वर्षांत संगणकावर उतरवून घेतल्या. सुमारे सहाशे तासांचे हे ध्वनिमुद्रण एकाच संगणकाच्या हार्ड डिस्कवर आहे. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात की मशीन कधी बंदच करू नका, चालू करताना दर वेळी डिस्कला झटका बसतो. माझा भाचा म्हणतो की डिस्क फिरली की झिजली, तेव्हा हातातले काम संपले की लगेच बंद करावी. शिवाय उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा वीज जाते आणि पारा पंचेचाळीसच्या वर असतो. मी कोणाचे ऐकावे?
– संगीतशिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : दोघांच्याही बोलण्याला काही आधार आहे, पण भाचा ज्या झिजेला भितो ती आजच्या डिस्कमध्ये फारच थोडी आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांची भीती मुख्यतः जुन्या पिढीच्या डिस्कपासून चालत आलेली आहे. हे पटण्यासाठी डिस्कच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल.

त्या बंद डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि घरगुती संगणकात त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात. लिहिणारे-वाचणारे हेड तबकडीला टेकलेले नसते. तबकडीच्या वेगामुळे तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. त्यामुळे ग्रामोफोनच्या सुईने तबकडी झिजावी तशी झीज येथे होत नाही. राहिला आस. त्याच्याही बाबतीत, पूर्वीच्या छऱ्यांच्या बेअरिंगची जागा २००० नंतरच्या काही वर्षांत तेलाच्या पातळ थरावर फिरणाऱ्या बेअरिंगने घेतली, आणि पूर्ण वेगात असताना तिच्यात धातूला धातू लागत नाही. एकसारख्या वेगाने, एकसारख्या तापमानात फिरत असणे ही हार्ड डिस्कची सर्वांत निवांत अवस्था आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न येतो तो वेग नसतानाचा, कारण वेग नसेल तर हेडला तरंगत ठेवणारी हवाही नसते. आयबीएम कंपनीने १९७३ साली आणलेल्या ३३४० या डिस्कपासून एक पद्धत रूढ झाली : तबकडी थांबू लागली की हेड तिच्यावरच एका राखून ठेवलेल्या पट्ट्यात उतरे आणि पुन्हा चालू करताना तबकडीला घासतच वर उठे. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात चालू-बंदची क्षमता साधारण ४० ते ५० हजार वेळा अशी दिलेली असे. त्या काळी आणखी एक संकट होते. दीर्घकाळ थांबलेल्या डिस्कमध्ये अतिगुळगुळीत हेड अतिगुळगुळीत तबकडीला चिकटून बसे आणि मोटरला ते सोडवता येत नसे. वर्षानुवर्षे चालू असलेले यंत्र एकदा बंद केले आणि ते पुन्हा उठलेच नाही, अशा ज्या गोष्टी जुने कारागीर सांगतात त्यांचे मूळ येथे आहे, आणि त्या गोष्टी खऱ्या आहेत. पुढे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लॅपटॉपच्या डिस्कमध्ये, आणि नंतर हळूहळू सर्वच डिस्कमध्ये, तबकडीच्या कडेबाहेर एक लहानसा उतार बसवला गेला. आता तबकडी थांबण्यापूर्वीच हेड त्या उतारावर चढून बसते आणि तबकडीला स्पर्शच करत नाही. अशा डिस्कची हेड चढण्या-उतरण्याची क्षमता बहुधा ३ लाख, आणि चोवीस तासांच्या कामासाठी बनवलेल्या डिस्कमध्ये ६ लाख वेळा अशी दिलेली असते.

आता साधा हिशेब करू. तुम्ही सकाळच्या वर्गाला एकदा आणि संध्याकाळच्या वर्गाला एकदा असा दिवसातून दोनदा संगणक चालू केला, तर वर्षाला ७३० वेळा आणि दहा वर्षांत ७,३०० वेळा होतात. जुन्या पद्धतीची ५० हजारांची मर्यादा धरली तरी ती गाठायला अडुसष्ट वर्षे लागतील. नव्या पद्धतीच्या ३ लाखांच्या मर्यादेचा तर विचारही करायला नको. म्हणून दिवसातून एक-दोनदा चालू-बंद करण्याने डिस्कचे आयुष्य घटते, ही भीती मनातून काढून टाकावी.

चालू-बंद होण्याचा दुसरा परिणाम तापमानाचा आहे. खोलीच्या तापमानापासून चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत डिस्क तापते, बंद केली की निवते, आणि या प्रसरण-आकुंचनाचा ताण तिच्या सर्किटवरच्या सोल्डरच्या सांध्यांवर पडतो. आपल्या ग्वाल्हेरात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक खरा आहे, कारण जानेवारीतल्या पहाटे खोली सात-आठ अंशांवर असते आणि जूनमध्ये तीच खोली रात्रीही तिशीच्या खाली येत नाही. तरीही दिवसाचे एक-दोन फेरे हा ताण जुजबीच म्हणावा लागेल. दर अर्ध्या तासाला डिस्क थंड-गरम करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि भाच्याचा सल्ला शब्दशः पाळला तर नेमके तेच घडेल.

मग डिस्क चालू करतानाच मेली, असे इतक्या वेळा का दिसते? विजेचा जुना तारेचा दिवा आठवा. तो बहुधा बटण दाबतानाच जायचा. पण त्याची तार कित्येक तासांच्या जळण्याने आधीच पातळ झालेली असे, आणि बटण दाबण्याचा क्षण केवळ तिची परीक्षा घेई. डिस्कचेही तसेच आहे. मोठ्या आकाराच्या डिस्कला फिरताना पाच-सहा वॅट पुरतात, पण थांबलेल्या तबकड्यांना वेग देताना काही सेकंद वीस वॅटच्याही वर वीज लागते. त्यानंतर तिला तबकडीवरच लिहून ठेवलेली स्वतःची कामकाजाची माहिती वाचून स्वतःला जुळवून घ्यावे लागते. थकलेली मोटर किंवा दुबळे झालेले हेड या परीक्षेत नापास होते. दुखणे जुने असते, ते उघड तेवढे त्या क्षणी होते. यातून एक महत्त्वाचा सल्ला निघतो : जी डिस्क वर्षानुवर्षे अखंड चालत आली आहे, ती दुरुस्तीसाठी किंवा घर बदलताना बंद करण्यापूर्वी, चालू आहे तोवरच तिची नक्कल काढून घ्यावी.

या बाबतीत मोठ्या संख्येवरचा एक अभ्यासही उपलब्ध आहे. गूगलमधील पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या तिघांनी आपल्या कंपनीतील एक लाखाहून अधिक साध्या, ग्राहकोपयोगी डिस्कच्या नोंदी तपासून २००७ साली निष्कर्ष मांडले. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कमध्ये चालू-बंदची संख्या आणि बिघाड यांचा लक्षणीय संबंध त्यांना आढळला नाही. तीन वर्षे आणि त्याहून जुन्या डिस्कमध्ये मात्र जास्त वेळा चालू-बंद झालेल्यांचे बिघाडाचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले. पण त्यावर त्यांनी स्वतःच सावध केले आहे की, जी यंत्रे आधीच कुरकुरत होती तीच दुरुस्तीसाठी वारंवार बंद-चालू करावी लागली असतील, म्हणजे येथे कारण आणि परिणाम उलटे असू शकतात. त्या डिस्क जवळजवळ अखंड चालणाऱ्या होत्या हेही लक्षात ठेवावे लागते. मला या अभ्यासातला दुसराच आकडा अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

तुमच्या पत्रातले खरे संकट मला शेवटून दुसऱ्या वाक्यात दिसते. तुम्ही बंद करणे आणि वीज जाणे या डिस्कच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. रीतसर बंद करताना संगणक आधी सर्व लिखाण पुरे करतो, डिस्कला सूचना देतो, हेड सावकाश उतारावर जाते आणि मग वीज तुटते. वीज अचानक गेली तर डिस्कला स्वतःचा जीव स्वतःच वाचवावा लागतो : अजून फिरत असलेल्या तबकड्यांच्या गतीतून तिची मोटर क्षणभर जनित्रासारखी वीज निर्माण करते आणि त्या विजेवर हेड घाईने खेचून घेतले जाते. ही योजना थक्क करणारी आहे, पण ती आणीबाणीची आहे, रोजच्या वापराची नव्हे. त्याच क्षणी एखादी फाइल लिहिली जात असेल तर ती अर्धवट राहते, आणि फाइलींची यादी लिहिली जात असेल तर सगळी डिस्क सुखरूप असूनही तुमची ध्वनिमुद्रणे दिसेनाशी होऊ शकतात.

याहून वाईट म्हणजे वीज जाऊन लगेच येते, पुन्हा जाते, पुन्हा येते तो प्रकार. संगणकाचा वीजपुरवठा करणारा भाग वीज खंडित झाल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यापेक्षा मोठा खंड पडला की यंत्र बंद. मग वेग घेऊ लागलेली डिस्क अर्ध्यावरच तोडली जाते, आणि हे मिनिटभरात तीन-चार वेळा होते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, कूलर किंवा दुसरे काही घेण्याआधी एक लहान यूपीएस, म्हणजे वीज जाताच संगणक बॅटरीवर चालू ठेवणारे उपकरण, घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नये. अनेक इन्व्हर्टर वीज बदलून घ्यायला इतका वेळ लावतात की पंखा चालू राहतो आणि संगणक मात्र बंद पडतो. यूपीएसवर तासभर काम करायचे नसते, पाच मिनिटांत शांतपणे सगळे बंद करायचे असते. तो येईपर्यंत, वीज गेली की भिंतीवरचे बटण बंद करावे आणि वीज परत येऊन पाच-दहा मिनिटे स्थिर राहिली की मगच चालू करावे. वीज येताच संगणक आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, चालू असेल तर ती बंद करून घ्यावी.

उन्हाळ्याविषयी थोडे. चालू डिस्कची कमाल मर्यादा बहुधा ६० अंश दिलेली असते. पंचेचाळीसच्या आत राहिली तर काळजी नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही मध्यम तापमानाचा फारसा दोष दिसला नाही, मात्र खूप तापणाऱ्या जुन्या डिस्क अधिक प्रमाणात गेल्या. आपल्याकडच्या आंधीची धूळ डिस्कच्या आत जात नाही, कारण तिच्या श्वासछिद्राला गाळणी असते. पण तीच धूळ कॅबिनेटचे पंखे चोंदवते आणि डिस्क आतल्या आत भाजत राहते. मेच्या आरंभी एकदा आणि पावसाळा लागण्यापूर्वी एकदा कॅबिनेट उघडून साफ करून घ्यावे. कूलरचा दमट झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. मे-जूनच्या दुपारी संगणक चालवण्याची गरज नसेल तर त्या वेळी तो बंद असणेच डिस्कच्या हिताचे आहे.

तेव्हा सकाळी वर्ग सुरू होताना चालू करावा, मधली विश्रांती दोन-तीन तासांची असेल तर चालूच राहू द्यावा, दुपार सबंध मोकळी असेल तर बंद करावा, आणि रात्री रीतसर बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे.

आता तो राहिलेला आकडा. गूगलच्या त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर, बिघाडाची सर्वांत भरवशाची मानलेल्या चार लक्षणांपैकी एकही लक्षण आधी नोंदले गेले नव्हते. म्हणजे निम्म्याहून अधिक डिस्क काही न सांगता गेल्या. तुमची सहाशे तासांची ध्वनिमुद्रणे एकाच डिस्कवर आहेत हे वाचून मला चालू-बंदच्या प्रश्नाहून अधिक काळजी वाटली. हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम म्हणून एक बाह्य डिस्क आणून सगळे तिच्यावर उतरवावे, दुसरी प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या एखाद्या आप्ताकडे ठेवावी, आणि उतरवलेल्या प्रतीतील पाच-सहा ध्वनिमुद्रणे शेवटपर्यंत ऐकून पाहावीत. मूळ कॅसेटीही टाकून देऊ नयेत.

प्रश्न : आमच्या घरातील लग्नकार्यांचे, मुंजींचे फोटो एका बाह्य हार्ड डिस्कवर आहेत. ती कपाटात असते आणि वर्षातून एकदा, गणपतीत सगळे जमले की, चालू होते. न वापरल्यामुळे ती खराब होईल का?
– गृहिणी, मुरार

उत्तर : चुंबकीय नोंद वर्ष-दोन वर्षांत पुसली जात नाही, त्यामुळे नुसते बंद असणे फोटोंना घातक नाही. काळजी यंत्राची असते : आसातले तेल, सर्किटचे सांधे, केबलचे टोक. वर्षातून एकदाऐवजी दर चार-सहा महिन्यांनी ती चालू करावी, आणि नुसती जोडून काढू नये, तर सगळे फोटो संगणकावर एकदा उतरवून पाहावेत, म्हणजे प्रत्येक फाइल वाचली जाते की नाही ते कळते. ओल टाळण्यासाठी हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवावी.

मात्र तुमच्या डिस्कला खरा धोका गणपतीच्या त्या एका दिवशीच आहे, कारण त्या दिवशी ती फिरत असताना या हातातून त्या हातात जाते. डेस्कटॉपची साधी डिस्क बंद असताना गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ३०० पट धक्का सोसते, पण चालू असताना ७०-८० पटच. आणि टेबलावर जरा जोरात ठेवली तरी क्षणिक धक्का आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. आधी संगणकावर सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा द्यावी, केबल काढल्यावर तबकड्या थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद डिस्क जागेवरच राहू द्यावी, आणि मगच उचलावी.

प्रश्न : दाल बाजारात आमची हिशेबनिसाची पेढी आहे. थोडा वेळ काम थांबले की संगणक गप्प होतो आणि फाइल उघडताना घर्र आवाज करून पाच-सात सेकंद अडून बसतो. असे दिवसात पंधरा-वीस वेळा होते. तसेच कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये आम्ही जुन्या संगणकाची डिस्क बसवली आहे, ती रात्री बंद ठेवावी का?
– हिशेबनीस, लष्कर

उत्तर : विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत २० मिनिटे काम नसेल तर डिस्क थांबवली जाते. लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी ही सोय ठीक आहे, पेढीच्या संगणकात तिचा उपयोग नाही. वीस फेरे धरले तरी वर्षाच्या तीनशे दिवसांत सहा हजार होतात आणि प्रत्येक फेऱ्यात मोटरला शून्यापासून वेग घ्यावा लागतो. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ही वेळ कधीच नाही अशी करावी आणि संध्याकाळी पेढी बंद करताना संगणक बंद करावा.

काही डिस्क याहूनही घाई करतात. वीज वाचवण्यासाठी बनवलेल्या काही प्रकारांमध्ये आठ सेकंद शांतता मिळाली की तबकडी फिरत असतानाच हेड बाजूला नेले जाते. संगणक अधूनमधून काहीतरी लिहीतच असतो, त्यामुळे मिनिटाला दोनदा असे झाले तर दिवसाला २,८८० वेळा होते, आणि चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात ३ लाखांची मर्यादा साडेतीन महिन्यांत ओलांडली जाते. तुमची डिस्क अशी आहे का ते पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून नोंद क्रमांक १९३ पाहावी. नोंद ४ म्हणजे मोटर किती वेळा सुरू झाली, ९ म्हणजे एकूण किती तास चालली, १२ म्हणजे किती वेळा वीज दिली गेली, आणि १९२ म्हणजे किती वेळा घाईने हेड खेचावे लागले. हे आकडे तो प्रोग्रॅम आरंभी सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) अंकलेखनात दाखवतो, ते न समजल्याने अनेकजण विनाकारण घाबरतात. फंक्शनच्या यादीतून दशमान पद्धत निवडावी. नोंद ५, १९७ आणि १९८ यांपुढे शून्याऐवजी काही दिसू लागले तर बाकी विचार सोडून त्याच दिवशी नक्कल काढावी.

कॅमेऱ्याची डिस्क रात्री बंद ठेवण्यात अर्थ नाही, कारण पेढीला कॅमेऱ्याची गरज रात्रीच असते. पण तेथे बसवलेली डिस्क त्या कामाची नाही. काही डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला २,४०० तास, म्हणजे तीनशे दिवस रोज आठ तास, एवढाच वापर गृहीत धरलेला असतो, तर अखंड चालणारी डिस्क वर्षाला ८,७६० तास फिरते. कॅमेऱ्यासाठी वेगळी बनवलेली डिस्क थोडी महाग मिळते, पण ती घ्यावी.

प्रश्न : डिस्कच्या माहितीपत्रकावर सरासरी आयुष्य १० लाख तास लिहिले आहे. हे ११४ वर्षे झाले! मग एवढी चिंता कशाला?
– निवृत्त गणितशिक्षक, कंपू

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे, पण तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नाही. त्याचा अर्थ असा की अशा ११४ डिस्क ऐन उमेदीत असताना अखंड चालवल्या, तर वर्षाला सरासरी एक जाईल. म्हणजे वर्षाला सुमारे ०.८८ टक्के. म्हातारपणाचा त्यात विचार नाही. प्रत्यक्षात कार्नेगी मेलन विद्यापीठातील श्रोडर आणि गिब्सन यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा वर्षाला बदलाव्या लागलेल्या डिस्कचे प्रमाण बहुतेक ठिकाणी २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. बॅकब्लेझ या कंपनीने आपल्या अखंड चालणाऱ्या डिस्कविषयी २०१३ साली दिलेल्या आकड्यांत पहिल्या दीड वर्षात वार्षिक ५.१ टक्के, पुढील दीड वर्षात १.४ टक्के आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के असा चढउतार होता. नवी असताना काही जन्मजात दोषाने जातात, मधला काळ शांततेचा असतो, आणि मग वय बोलू लागते. म्हणून नवी डिस्क आणल्यावर पहिले काही महिने तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नये, आणि चार-पाच वर्षे अखंड चाललेली डिस्क, ती कितीही ठणठणीत दिसत असली तरी, मुख्य कामावरून काढून दुसऱ्या प्रतीच्या कामाला लावावी.